मारिया साबिना

मारिया साबिना (जन्म : २२ जुलै १८९४, मृत्यू : २२ नोव्हेंबर १९८५) या मेक्सिकोतील मासातेक या आदिवासी समाजातील उपचारक व मंत्रगायिका होत्या. ओआहाका राज्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात असलेले वाउत्ला दे हिमेनेस हे गाव त्यांची कर्मभूमी होती. सायलोसायबिन हे द्रव्य असलेल्या रानटी अळंब्यांचे विधिपूर्वक सेवन करून रात्रभर जागर करणे आणि त्या जागरात आजाराचे कारण शोधून रुग्णावर उपचार करणे, ही मासातेक समाजाची जुनी परंपरा आहे. १९५५ साली मारिया साबिना यांनी अमेरिकी बँक-अधिकारी व हौशी कवक-अभ्यासक रॉबर्ट गॉर्डन वॉसन यांना अशा जागरात सहभागी करून घेतले. त्यातून या अळंब्यांची माहिती जगभर पोहोचली, त्यांतील द्रव्य प्रयोगशाळेत वेगळे काढण्यात आले आणि पुढील दीड दशकात त्या द्रव्यावर अनेक देशांनी बंदी घातली. ज्या विधीला त्यांच्या गावात उपासना व औषध मानले जात होते, त्याच विधीमुळे त्यांना स्वतःच्या घरात पोलिसांना सामोरे जावे लागले. अशा अळंब्यांच्या पारंपरिक वापराला कायद्यात दिलेली सूट आणि त्या सुटीतील संदिग्धता यांच्या चर्चेत त्यांचे नाव आजही घेतले जाते.

पार्श्वभूमी

मेक्सिकोच्या भूमीवर विभ्रमकारी अळंब्यांचा धार्मिक वापर स्पॅनिश आक्रमणाच्या पूर्वीपासून होत आला आहे. नाहुआतल भाषेत या अळंब्यांना तेओनानाकात्ल असे नाव होते. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साहागुन यांनी स्थानिक लोकजीवनाविषयीच्या आपल्या बृहद्ग्रंथात त्यांची नोंद केली. स्पॅनिश राजवटीत ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी अशा विधींना मूर्तिपूजा व सैतानपूजा ठरवले. १६२० साली मेक्सिकोतील धर्मन्यायपीठाने पेयोते या निवडुंगाच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. अळंब्यांच्या विधींनाही धर्माधिकाऱ्यांचा तसाच विरोध राहिला. परिणामी हे विधी सार्वजनिक जीवनातून दिसेनासे झाले, परंतु दुर्गम डोंगरी वस्त्यांत ते रात्रीच्या अंधारात, बंद दाराआड चालू राहिले. काळाच्या ओघात त्यांत ख्रिस्ती संत, येशू व कुमारी मेरी यांची नावे मिसळून गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही विद्वान तेओनानाकात्ल म्हणजे अळंबी नसून वाळवलेले पेयोते असावे, असे मानत. १९३८ साली मानववंशशास्त्रज्ञ जीन बॅसेट जॉन्सन यांनी वाउत्ला येथे असा एक विधी पाहिला. त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टेस यांनी त्या परिसरातून अळंब्यांचे नमुने गोळा केले. या कामामुळे परंपरा जिवंत असल्याचे सिद्ध झाले. तथापि ही माहिती दीर्घकाळ शास्त्रीय नियतकालिकांपुरतीच मर्यादित राहिली.

जन्म व बालपण

मारिया साबिना यांचा जन्म वाउत्लाच्या परिसरातील रिओ सांतियागो या वस्तीत झाला. मेरी मॅग्डालीन या संतस्त्रीच्या सणादिवशी आपला जन्म झाल्याचे त्यांना आईकडून समजले होते. त्यावरून २२ जुलै ही तारीख रूढ झाली. त्यांच्या वडिलांचे नाव क्रिसान्तो फेलिसियानो व आईचे नाव मारिया कोन्सेप्सिओन असे होते. वडिलांकडील आजोबा आणि पणजोबा हे दोघेही अळंब्यांच्या साहाय्याने उपचार करणारे जाणते पुरुष होते, असे कुटुंबात सांगितले जाई.

मारिया साबिना सुमारे तीन वर्षांच्या असताना वडिलांचे आजारपणात निधन झाले. त्यानंतर आई त्यांना आणि धाकटी बहीण मारिया आना हिला घेऊन माहेरी राहावयास आली. आजोळची परिस्थिती अत्यंत गरिबीची होती. शेतीची कामे, रेशमाचे किडे पाळणे, कोंबड्या व शेळ्या राखणे यांत दोघी बहिणींचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मारिया साबिना यांना आयुष्यभर लिहिता-वाचता आले नाही आणि त्या केवळ मासातेक भाषाच बोलत.

लहानपणी त्यांनी आजारी मामावर उपचार करण्यासाठी घरी बोलावलेल्या एका जाणत्या पुरुषाचा जागर पाहिला. त्याने वापरलेल्या अळंब्या रानात उगवताना त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे जनावरे राखताना भुकेच्या वेळी दोघी बहिणींनी त्या अळंब्या खाल्ल्या. भूक शमते आणि मनाला उभारी येते, असा अनुभव त्यांना आला. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी त्यांना याबद्दल रागावले नाही, कारण या अळंब्यांची निंदा करणे त्या समाजात अशुभ मानले जाई.

विवाह व कौटुंबिक जीवन

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांचा विवाह सेरापिओ मार्तिनेस यांच्याशी झाला. ते किरकोळ व्यापार करीत आणि त्यांना लिहिता-वाचता येत असे. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत ते काही काळ सैन्यात होते. या दांपत्याला तीन अपत्ये झाली. सहा वर्षांच्या संसारानंतर सेरापिओ यांचे निधन झाले. मुलांचे पोट भरण्यासाठी मारिया साबिना यांनी शेतमजुरी केली, लाकूड तोडले, कॉफीच्या मळ्यांत तोडणीचे काम केले आणि फेरीवर वस्तू विकल्या.

सुमारे बारा वर्षांच्या वैधव्यानंतर त्यांनी मार्सिआल या पुरुषाशी दुसरा संसार थाटला. तो स्वतः उपचार करीत असे, परंतु मद्यपी होता आणि पत्नीला मारहाण करीत असे. या संसारातील सहा अपत्यांपैकी आरोरा ही एकच मुलगी पुढे जगली. मार्सिआलची हत्या झाल्यानंतर मारिया साबिना यांनी पुन्हा विवाह केला नाही. जागराच्या आधी व नंतर काही दिवस ब्रह्मचर्य पाळण्याचा दंडक मासातेक परंपरेत आहे. त्यामुळे विवाहित जीवनात त्यांनी अळंब्यांपासून बहुतांशी दूर राहणे पसंत केले.

उपचारक म्हणून कार्य

बहीण मारिया आना गंभीर आजारी पडली आणि अन्य उपचारकांना यश आले नाही, तेव्हा मारिया साबिना यांनी स्वतः मोठ्या प्रमाणात अळंब्या सेवन करून तिच्यावर उपचार केला. या जागरात त्यांना जो दृष्टान्त झाला, तो त्यांनी आपल्या कार्याचा आरंभ मानला. एका मेजाभोवती बसलेल्या दिव्य पुरुषांनी आपल्याला एक शुभ्र ग्रंथ दाखवला आणि निरक्षर असूनही तो आपल्याला वाचता आला, असे त्यांनी पुढे आपल्या चरित्रकाराला सांगितले. जागरात आपल्या तोंडून निघणारे शब्द त्या ग्रंथातील असून ते अळंब्याच आपल्याकडून बोलवून घेतात, अशी त्यांची श्रद्धा होती. बहीण बरी झाली आणि त्यांची ख्याती आसपासच्या वस्त्यांत पसरली.

मासातेक समाजात उपचार करणाऱ्यांच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. अनिष्ट करणी करणारा मांत्रिक, झाडपाला व मालिश यांनी उपचार करणारा वैदू आणि सर्वांत वरच्या स्थानी जाणती व्यक्ती. मारिया साबिना यांची गणना या तिसऱ्या वर्गात होई. अळंब्यांचा उल्लेख त्या पवित्र बालके असा करीत आणि जमिनीतून आपोआप उगवणारी लहानगी या अर्थाचा मासातेक शब्द वापरीत. पावसाळ्यात, मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात, ताज्या अळंब्या गोळा केल्या जात. त्या नेहमी जोड्यांनी मोजून दिल्या जात. विधी रात्री, घरातील देव्हाऱ्यासमोर, मेणबत्त्या व कोपाल या सुगंधी डिंकाच्या धुपात सुरू होई आणि पुढे दिवे मालवून अंधारात पहाटेपर्यंत चाले. टाळ्यांच्या तालावर, स्वतःची अनेक नावांनी व रूपांनी ओळख देत त्या दीर्घ मंत्रगायन करीत.

हे कार्य करीत असताना त्या निष्ठावान कॅथलिक होत्या. गावातील चर्चच्या भगिनीमंडळात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. स्थानिक धर्मगुरूंशी त्यांचे संबंध सलोख्याचे होते. चर्चमधील प्रार्थना आणि अळंब्यांचा जागर यांत त्यांना विसंगती वाटत नसे. उपचाराचा मोबदला त्या मागून घेत नसत. येणाऱ्याने दिलेले पैसे, कॉफी वा अन्य वस्तू त्या स्वीकारीत.

अळंब्या आजार बरा करतातच, असा त्यांचा दावा नव्हता. रुग्ण जगेल की नाही हे अळंब्या सांगतात, अशी समजूत होती. १९५८ साली ध्वनिमुद्रित झालेल्या एका जागरात सतरा वर्षांच्या आजारी मुलाविषयी अळंब्यांनी मृत्यूचा कौल दिल्याचे त्यांनी सांगितले. तो मुलगा काही आठवड्यांनी मरण पावला.

वॉसन यांची भेट

रॉबर्ट गॉर्डन वॉसन हे न्यू यॉर्क येथील जे. पी. मॉर्गन अँड कंपनी या बँकेचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या पत्नी व्हॅलेंटिना पाव्हलोव्ना या रशियात जन्मलेल्या बालरोगतज्ज्ञ होत्या. निरनिराळ्या संस्कृतींत अळंबीविषयी असलेले प्रेम व तिटकारा हा या दांपत्याच्या अभ्यासाचा विषय होता. १९५३ साली ते प्रथम वाउत्ला येथे गेले आणि एका स्थानिक उपचारकाच्या जागरास उपस्थित राहिले, परंतु त्यांना अळंब्यांचे सेवन करता आले नाही. गंभीर कारणाशिवाय जागर होत नसल्यामुळे त्यावेळी आपल्या मुलाच्या ख्यालीखुशालीची चिंता हे निमित्त वॉसन यांना पुढे करावे लागले होते.

१९५५ च्या जून महिन्यात वॉसन छायाचित्रकार ॲलन रिचर्डसन यांच्यासह पुन्हा वाउत्लाला आले. नगरपालिकेचे पदाधिकारी कायेतानो गार्सिया यांनी मारिया साबिना यांना पाहुण्यांसाठी जागर करण्याची विनंती केली. २९ जूनच्या रात्री गार्सिया यांच्याच घरी हा जागर झाला. वॉसन व रिचर्डसन यांना प्रत्येकी सहा जोड्या अळंब्या देण्यात आल्या. मारिया साबिना यांनी स्वतः तेरा जोड्या घेतल्या. छायाचित्रे काढण्यास त्यांनी संमती दिली, ती मात्र ती सर्वत्र दाखवली जाऊ नयेत या अटीवर.

१३ मे १९५७ च्या 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकात वॉसन यांचा सचित्र लेख प्रसिद्ध झाला. त्यात मारिया साबिना यांना एवा मेंडेझ असे टोपणनाव देण्यात आले होते आणि त्यांच्या समाजाचे नावही बदलले होते. परंतु लाखो वाचकांसमोर छायाचित्रे आल्याने आणि त्याच सुमारास जागराची ध्वनिमुद्रिकाही निघाल्याने हा आडोसा फार काळ टिकला नाही. गाव आणि व्यक्ती यांची ओळख लवकरच उघड झाली.

गावाच्या अधिकाऱ्याचा शब्द मोडणे आपल्याला शक्य नव्हते, असे मारिया साबिना यांनी पुढे सांगितले. त्याचबरोबर, हे परदेशी लोक कोणाच्या शिफारशीविना आले असते तरी आपण त्यांना आपले ज्ञान दाखवले असते, कारण त्यात वाईट काही नव्हते, असेही त्यांचे मत होते. त्यांना केवळ फसवणुकीच्या बळी मानणाऱ्या लेखनात त्यांच्या या दुसऱ्या म्हणण्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

शास्त्रीय संशोधन

१९५६ साली फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम हे वॉसन यांच्याबरोबर मेक्सिकोत आले. त्यांनी वाउत्ला व अन्य ठिकाणच्या अळंब्यांची शास्त्रीय ओळख पटवली आणि पॅरिस येथील प्रयोगशाळेत त्यांची लागवड केली. या दौऱ्यात सहभागी झालेल्या जेम्स मूर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला सीआयए या गुप्तचर संस्थेने पाठवले होते. मनावर ताबा मिळवण्याची साधने शोधणाऱ्या एमके-अल्ट्रा या गुप्त प्रकल्पातून या दौऱ्याला पैसा पुरवला गेल्याचे पुढे उघडकीस आले.

हाइम यांनी पाठवलेल्या नमुन्यांवर स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांनी काम केले. एलएसडीचा शोध त्यांनी यापूर्वीच लावला होता. १९५८ साली त्यांनी अळंब्यांतील सायलोसायबिन व सायलोसिन ही द्रव्ये वेगळी काढली. अळंबी आणि तिच्यातील द्रव्य या दोन गोष्टी येथून पुढे वेगळ्या झाल्या. कायद्यातील पुढील अनेक वादांचे मूळ या विभागणीत आहे.

१९६२ साली हॉफमन व वॉसन वाउत्ला येथे आले. अळंब्यांचा हंगाम नव्हता. हॉफमन यांनी सोबत आणलेल्या सायलोसायबिनच्या गोळ्या मारिया साबिना यांना दिल्या. परिणाम दिसण्यास वेळ लागल्याने त्यांना आरंभी शंका आली, परंतु पहाटे जागर संपताना गोळ्यांतही अळंब्यांचीच शक्ती असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. हंगाम नसतानाही आता उपचार करता येतील, म्हणून त्यांनी गोळ्यांची कुपी आनंदाने ठेवून घेतली.

पर्यटकांचा ओघ आणि पोलीस कारवाई

१९६० साली हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी यांनी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अशा अळंब्यांचे सेवन केले आणि परतल्यावर सायलोसायबिनवरील प्रयोग हाती घेतले. अमेरिकेतील तरुण पिढीत या द्रव्यांविषयी कुतूहल वाढले. रस्ता झाल्याने वाउत्लाला पोहोचणेही पूर्वीच्या मानाने सुकर झाले. १९६७ पासून पावसाळ्यात अमेरिका, युरोप व मेक्सिको शहर येथून हिप्पी तरुणांचे तांडे गावात येऊ लागले. अनेक प्रसिद्ध पाश्चात्त्य गायकांनी मारिया साबिना यांची भेट घेतल्याच्या आख्यायिका प्रचलित आहेत. त्यांना ठोस पुरावा नाही.

या तरुणांपैकी बहुतेकजण आजारी नव्हते. ते ईश्वराचा शोध घेण्यासाठी किंवा केवळ अनुभवासाठी येत. मासातेक परंपरेत अळंबी हे उपचाराचे साधन होते. निरोगी माणसाने दिवसाढवळ्या, कोठेही, कसलेही पथ्य न पाळता ती खाणे हा अनादर मानला जाई. गावात अळंब्यांची उघड विक्री सुरू झाली. १९६९ साली मेक्सिकन सरकारने सैन्य पाठवून हिप्पींना गावाबाहेर काढले आणि वाउत्लाच्या रस्त्यावर तपासणी नाका बसवला. १९७६ पर्यंत बाहेरच्यांच्या प्रवेशावर निर्बंध राहिले.

या काळात मारिया साबिना यांच्यावर दुहेरी संकट आले. अमली पदार्थ विकत असल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली आणि त्यांना ताब्यात घेतले. स्पॅनिश येत नसल्याने त्यांना आपली बाजू थेट मांडता येत नव्हती. स्थानिक अधिकाऱ्यांनी त्यांचे कार्य समजावून सांगितल्यावर त्यांची सुटका झाली. दुसरीकडे, समाजाचे गुपित परक्यांना विकल्याचा ठपका काही गावकऱ्यांनी त्यांच्यावर ठेवला. त्यांचे घर व त्यातील लहानसे दुकान जाळण्यात आले. त्यांच्या एका मुलाचीही हत्या झाली होती. मत्सर, वैर आणि परकीयांशी असलेले संबंध अशी वेगवेगळी कारणे या घटनांसाठी सांगितली जातात. घर जाळणाऱ्याचा हेतू आपल्याला कळला नाही, असे त्या म्हणत.

परदेशी लोक आल्यापासून पवित्र बालकांचे बळ ओसरले आणि पूर्वीसारखा प्रभाव आपल्याला जाणवत नाही, अशी खंत त्यांनी उतारवयात व्यक्त केली. वॉसन यांनीही आपल्या लेखनामुळे वाउत्लावर ओढवलेल्या परिस्थितीबद्दल पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला.

अखेरची वर्षे व मृत्यू

वाउत्लाचेच रहिवासी असलेले मासातेक लेखक आल्वारो एस्त्रादा यांनी मारिया साबिना यांच्याशी त्यांच्या मातृभाषेत दीर्घ संवाद साधून त्यांचे आत्मकथन स्पॅनिशमध्ये सिद्ध केले. ते १९७७ साली प्रसिद्ध झाले. त्याआधीची बहुतेक माहिती परदेशी अभ्यासकांच्या नजरेतून आलेली होती. या ग्रंथामुळे त्यांची स्वतःची बाजू प्रथमच सविस्तर समोर आली. चित्रपट दिग्दर्शक निकोलास एचेव्हार्रिया यांनी त्यांच्यावर केलेला माहितीपटही याच दशकाच्या अखेरीस तयार झाला.

देशभर नाव झाले तरी त्यांची आर्थिक स्थिती सुधारली नाही. अखेरपर्यंत त्या डोंगरउतारावरील साध्या घरात राहिल्या. २२ नोव्हेंबर १९८५ रोजी ओआहाका शहरातील रुग्णालयात वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अळंब्यांची कायदेशीर स्थिती

मारिया साबिना यांच्या हयातीतच अळंब्यांसंबंधीचे आजचे कायदे आकाराला आले. अमेरिकेने १९७० च्या कायद्याने सायलोसायबिनला सर्वाधिक कडक नियंत्रणाच्या पहिल्या अनुसूचीत टाकले. २१ फेब्रुवारी १९७१ रोजी व्हिएन्ना येथे मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार संमत झाला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत सायलोसायबिन व सायलोसिन यांची नावे आहेत, परंतु ती द्रव्ये असलेल्या अळंब्यांचा उल्लेख नाही. त्यामुळे निसर्गात उगवणारी अळंबी ही स्वतः प्रतिबंधित वस्तू आहे की नाही, हा प्रश्न देशोदेशींच्या कायद्यांवर व न्यायालयांवर सोपवला गेला.

याच कराराच्या ३२ व्या अनुच्छेदानुसार, ज्या देशात अशी द्रव्ये असलेल्या वनस्पती रानटी स्वरूपात उगवतात आणि विशिष्ट लहान समूह त्यांचा धार्मिक विधींत परंपरेने वापर करतात, त्या देशाला त्या वापरापुरता अपवाद नोंदवता येतो. १९७५ साली करारात सामील होताना मेक्सिकोने असा अपवाद नोंदवला. तरीही देशांतर्गत कायदा कडकच राहिला. १९८४ च्या आरोग्यविषयक सर्वसाधारण कायद्याच्या २४५ व्या कलमात द्रव्यांबरोबरच कोणत्याही जातीच्या विभ्रमकारी अळंब्यांचाही नियंत्रित पदार्थांत समावेश आहे. २००९ साली झालेल्या सुधारणेनंतर संघीय दंडसंहितेच्या १९५ बिस या कलमात पेयोते व अळंब्या यांचा ताबा बाळगण्यास सूट देण्यात आली. मात्र त्यांचे प्रमाण व परिस्थिती पाहता त्या आदिवासी समाजाच्या विधी व रूढींसाठी आहेत असे मानता आले पाहिजे, आणि त्या रूढींना त्या समाजाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांची मान्यता असली पाहिजे, अशी अट आहे.

या तरतुदीने अनेक प्रश्न अनुत्तरित ठेवले आहेत. सूट अळंबीला नसून तिच्या विशिष्ट वापराला आहे. किती प्रमाण विधीसाठी योग्य मानावे, हे कलमात सांगितलेले नाही. आदिवासी उपचारकाने बाहेरच्या माणसासाठी मोबदला घेऊन केलेला जागर या सुटीत बसतो काय, हेही स्पष्ट नाही. त्याच सुधारणेत वैयक्तिक सेवनासाठी किती प्रमाण बाळगल्यास खटला भरला जाणार नाही याचा तक्ता देण्यात आला. त्यात एलएसडी आहे, सायलोसायबिन नाही. १९५५ चा जागर आजच्या कायद्याखाली तपासला, तर मारिया साबिना यांच्या हातातील अळंबी संरक्षित ठरण्याची शक्यता आहे आणि त्याच खोलीतील पाहुण्यांच्या हातातील अळंबीविषयी मात्र वाद होऊ शकतो.

अन्य देशांतही अळंबी व द्रव्य यांतील भेदामुळे संदिग्धता निर्माण झाली. ब्रिटनमध्ये ताज्या अळंब्यांची विक्री काही वर्षे उघडपणे चालत असे. २००५ च्या कायद्याने ती बंद झाली. नेदरलँड्सने २००८ साली अळंब्यांवर बंदी घातली, परंतु त्याच कवकांच्या जमिनीखालील गाठी बंदीतून सुटल्या. भारतात गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या अनुसूचीत सायलोसायबिन आहे, अळंबी नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना केरळ उच्च न्यायालयाने, अळंबी हे मिश्रण मानता येणार नाही आणि ती स्वतः अनुसूचित पदार्थ नाही, असे मत नोंदवले. जामिनाच्या टप्प्यावरील हे मत अळंब्या बाळगण्यास दिलेली सरसकट परवानगी नव्हे.

अमेरिकेत ७ मे २०१९ रोजी डेन्व्हर शहरातील मतदारांनी अळंब्यांच्या वैयक्तिक वापराविरुद्धची कारवाई पोलिसांच्या प्राधान्यक्रमात सर्वांत खाली ठेवण्यास कौल दिला. त्यापाठोपाठ जूनमध्ये ओकलंड शहराच्या परिषदेने तसाच ठराव केला. ऑरेगॉन राज्याने २०२० साली परवानाधारक केंद्रांत देखरेखीखाली सायलोसायबिन घेण्याची योजना सार्वमताने मंजूर केली आणि कोलोरॅडो राज्याने २०२२ साली त्याच दिशेने पाऊल टाकले. संघीय कायद्यात मात्र बंदी कायम आहे. त्यामुळे एकच कृती शहर वा राज्याच्या दृष्टीने दुर्लक्षणीय किंवा वैध आणि संघराज्याच्या दृष्टीने गुन्हा, अशी स्थिती निर्माण झाली आहे. गुन्हेगारी कक्षेतून वगळणे म्हणजे विक्रीला कायदेशीर मान्यता देणे नव्हे, हा फरकही अनेकदा लक्षात घेतला जात नाही.

प्रभाव

स्पॅनिश लेखक कामिलो होसे सेला यांनी १९६७ साली मारिया साबिना यांच्या नावाने नाट्यकाव्य लिहिले. अमेरिकी कवयित्री ॲन वॉल्डमन यांच्या दीर्घकवितेवर त्यांच्या मंत्रगायनाचा प्रभाव आहे. १९५८ च्या जागराचे ध्वनिमुद्रण, मासातेक मूळ संहिता, भाषांतरे व स्वरलेखन यांसह वॉसन व सहकाऱ्यांनी १९७४ साली ग्रंथरूपाने प्रकाशित केले. अलिखित भाषेतील मौखिक काव्याचे महत्त्वाचे दस्तऐवजीकरण म्हणून त्याची गणना होते.

वाउत्लामध्ये त्यांची प्रतिमा भित्तिचित्रांवर व दुकानांच्या पाट्यांवर दिसते आणि पर्यटन हा गावाच्या उत्पन्नाचा एक भाग झाला आहे. नैराश्यासारख्या मानसिक विकारांवर सायलोसायबिनचा उपयोग होतो काय, याविषयी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विद्यापीठांत पुन्हा संशोधन सुरू झाले. त्यासोबत या ज्ञानाचे मूळ धारक असलेल्या मासातेक समाजाचा त्यावरील हक्क कोणता, हा प्रश्नही पुढे आला. जैविक संपत्ती व तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान यांच्या लाभाच्या न्याय्य वाटपाविषयीचा नागोया करार २०१० साली झाला. वाउत्लाच्या अळंब्या पॅरिस व बाझलच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या, त्या काळी असा कोणताही नियम अस्तित्वात नव्हता.